एकशे आठचा फेरफार

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं हे पत्र. मोठं आहे, म्हणून कामापुरतं देते.

"मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. घरात सासरे (वय ७६, निवृत्त तलाठी, माळकरी), नवरा, धाकटे दीर, जाऊबाई आणि नववीतला माझा मुलगा. सासऱ्यांना व्हॉट्सॲप मुलानंच शिकवलं. आता रोज सकाळी 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' छापाचे निरोप येतात. परवा जेवताना त्यांनी एक वाचून दाखवला: सूर्य पृथ्वीपासून त्याच्या व्यासाच्या १०८ पट लांब आहे, म्हणूनच जपमाळेत १०८ मणी असतात आणि नासाला हे आत्ता कुठे कळलं. मुलगा म्हणाला, 'आजोबा, हे सगळं थोतांड आहे.' सासरे ताटावरून उठले. तेव्हापासून दोघांत अबोला आहे.

७ सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणात जाऊबाईंना पाचवा महिना होता. सासऱ्यांनी त्यांना दुपारपासून पाण्याचा घोट घेऊ दिला नाही, विळी-सुरीला हात लावू दिला नाही. मी विज्ञानाची बाई, आणि गप्प बसले. बाळ सुखरूप आहे. सासरे म्हणतात, पाळलं म्हणूनच. मुलगा मला म्हणतो, 'तू शाळेत एक शिकवतेस आणि घरी संकष्टीला मोबाइलवर चंद्रोदय बघतेस. तू नक्की कुणाच्या बाजूची?' काय सांगू त्याला?"

बाई,

(माझीही एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. ताई-मॅडम तोंडात येत नाही, बाईच येतं.)

आधी एक सांगून टाकते. त्या १०८ च्या बाबतीत तुमचा मुलगा चुकलाय. आकडा बरोबर आहे. सूर्य सरासरी १४ कोटी ९६ लाख किलोमीटरवर आहे आणि त्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर. भागून बघा, एकशे साडेसात येतात. वर्षभरात पृथ्वी सूर्याच्या थोडी जवळ-लांब होत असते, त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला हा भागाकार १०६ च्या आसपास असतो आणि जुलैत १०९ च्या. तेव्हा १०८ म्हणणाऱ्याला मी तरी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मुलानं थोतांड म्हणण्याआधी हा भागाकार केला होता का? नसणार. त्यानं निरोपाचा सूर ऐकला आणि निकाल दिला. आजोबांनी नासाचं नाव ऐकलं आणि निकाल दिला. एकाला पूर्वजांची पत, दुसऱ्याला विज्ञानाची पत, आणि दोन्ही उसन्या. माझ्या मते तुमच्या घरात भांडण श्रद्धा आणि विज्ञानाचं लागलेलंच नाही. दोन माणसं न मोजता बोलली, आणि जे मोजू शकत होतं ते तिसरं माणूस आमटी वाढत होतं.

रागावू नका. मीही अशी पुष्कळ आमटी वाढली आहे.

आता सासऱ्यांकडे वळू. तलाठी होते म्हणता ना? मग पडताळणी म्हणजे काय हे त्या घरात सगळ्यांत चांगलं त्यांनाच ठाऊक आहे. सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढवायचं तर नुसतं 'बाप म्हणाला होता' चालत नाही. आधी नमुना सहा या नोंदवहीत फेरफाराची, म्हणजे बदलाची, नोंद, मग संबंधितांना नोटीस, हरकत घ्यायला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार आणि मग कुठे सातबाऱ्यावर नाव. चाळीस वर्षं हे ज्यानं केलं, त्याला 'बातमीची खातरजमा कशी करावी' हे नववीतल्या पोरानं शिकवायचं? उलट पोरानं त्यांच्याकडे जाऊन विचारावं, "आजोबा, या निरोपाचा फेरफार कसा घालायचा?"

कारण त्या एका निरोपात तीन वेगवेगळे दावे आहेत आणि तिन्हींची कागदपत्रं वेगळी.

पहिला, अंतर व्यासाच्या १०८ पट. हा घरातल्या भिंतीवर मोजता येतो, कसा ते सांगते. दुसरा, 'म्हणूनच' माळेत १०८ मणी. इथे हरकतदार बरेच आहेत. सासऱ्यांनाच विचारा, ते सांगतील की सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण मिळून एकशे आठ होतात. जैनांच्या माळेतही १०८ मणी असतात आणि त्यांचं कारण पंचपरमेष्ठींचे, म्हणजे त्यांच्या पाच पूज्यांचे, १०८ गुण. एकाच जमिनीवर इतके जण हक्क सांगत असताना एकाचं नाव परस्पर चढवायचं, हे सासऱ्यांनी नोकरीत केलं असतं का? 'म्हणूनच' हा शब्द तेवढा वादग्रस्त म्हणून नोंदवायचा आणि पुढे जायचं.

तिसरा दावा मला सगळ्यांत लागला. 'नासाला आत्ता कळलं.' हे वाक्य पूर्वजांचा मोठेपणा सांगायला निघतं आणि त्यांचाच अपमान करतं. अंतर व्यासाच्या १०८ पट असणं म्हणजे सूर्य आकाशात साधारण अर्ध्या अंशाचा दिसणं, दुसरं काही नाही. त्यासाठी अंतर किलोमीटरमध्ये ठाऊक असावं लागत नाही. हा दिसणारा आकार ठाऊक नसेल तर ग्रहणाचं गणितच होत नाही, आणि ते गणित तर आपल्याकडे होतच होतं. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये स्वच्छ लिहून ठेवलंय की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला झाकते. त्याला नासाच्या शिक्क्याची काय गरज? सासऱ्यांशी बोलायचं तर इथून बोला. त्यांचा अभिमान खोडू नका. त्याला नीट कागद द्या.

आता मोजणी. (खरी मोजणी भूमापकाची, तलाठ्याची नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण टेपचं एक टोक धरणं सासऱ्यांना नवीन नसेल.)

सकाळचं ऊन ज्या खिडकीतून आत येतं ती खोली घ्या. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या आणि त्याच्या मधोमध दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडा. ते मुद्दाम वेडंवाकडं, त्रिकोणी पाडा. कागद खिडकीत लावा, बाकीची खिडकी चादरीनं झाका. समोर तीन-साडेतीन मीटरवर वहीचं पान किरणांना आडवं धरा. पानावर कवडसा पडेल. भोक त्रिकोणी आहे, पण कवडसा गोल पडेल.

इथे थांबा आणि कुणालाही काही सांगू नका. दोघांना बघू द्या. कवडसा शब्द आपण लहानपणापासून वापरतो. कौलाची फट कशीही असली तरी तो गोलच का पडतो हे विचारायचं मात्र राहून जातं. तो भोकाचा आकार नसतो, भिंतीवर पडलेलं सूर्याचं चित्र असतं. भोकापासून पानापर्यंतचं अंतर ३२४ सेंटीमीटर असेल तर चित्राचा व्यास तीन सेंटीमीटर भरायला हवा. ३२४ भागिले ३. माळ हातात असलेल्या माणसाला उत्तर सांगावं लागणार नाही.

पहिल्यांदा बहुतेक ९८ नाहीतर १०० येईल. भोकाची रुंदी कवडशात मिसळते म्हणून तो थोडा फुगतो. भोकाचे दोन मिलिमीटर वजा करून परत भागा. पान तिरकं झालं तर कवडसा अंड्यासारखा लांबट होतो, तेव्हा आखूड बाजू मोजा. कडा पुसट असतात. त्यावरून आजोबा-नातवात वाद होईल, एक म्हणेल २९ मिलिमीटर, दुसरा म्हणेल ३१. होऊ द्या. अबोला मोडायला 'तुमचा चष्मा कुठाय' यासारखं वाक्य नाही.

तुम्ही म्हणाल, हे तर मी वर्गात शिकवते. शिकवता की लिहून देता? माझं सांगते. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे चार मथळे. परीक्षा तोंडावर आली की मी चारही फळ्यावर लिहून द्यायची. एका वर्षी 'तांबडा लिटमस निळा झाला' असं निरीक्षण साठ मुलांनी सुवाच्य अक्षरात उतरवलं. त्या कपाटातला लिटमस संपून दोन वर्षं झाली होती. न बघितलेलं निरीक्षण सहीनिशी खरं मानायला मीच शिकवलं होतं त्यांना. ती मुलं आज चाळिशीची आहेत. त्यांतलेच काही जण आता नासाच्या नावाचे निरोप मला पाठवतात आणि मला त्यांच्यावर चिडता येत नाही.

फोनचंही असंच आहे. सासऱ्यांचा फोनवर विश्वास उगाच बसलेला नाही. पेन्शन जमा झाल्याचा संदेश त्यावर येतो आणि खरंच जमा झालेली असते. गॅसचं बुकिंग होतं, गाडीची वेळ कळते, लांब राहणाऱ्या लेकीचं तोंड दिसतं. दिवसातून दहा वेळा खरं बोलणारं यंत्र अकराव्यांदा खोटं बोलेल असं शहात्तराव्या वर्षी कुणाला का वाटावं? पेन्शनचा संदेश आणि कुणीतरी पुढे ढकललेला निरोप त्या पडद्यावर एकाच टाइपात, एकाच आवाजाने येतात. एकाची पत दुसऱ्याला फुकट मिळते. मुलानं आजोबांना निरोप पुढे कसा ढकलायचा हे शिकवलं, पण वरचं 'फॉरवर्डेड' म्हणजे काय हे शिकवलं नाही. म्हणजे 'लिहिणारा कोण ते पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसेल' असा त्याचा अर्थ. ते शिकवणं त्याच्याकडे बाकी आहे. तलाठ्याच्या भाषेत सांगितलं तर दोन मिनिटांचं काम: ही नक्कल आहे, मूळ दस्त कुणी बघितलेला नाही.

आता जाऊबाई. इथे माझा सूर बदलतो, आणि तो बदलायलाच हवा.

माळ, मणी, नासा ही जेवणावरची चर्चा. चुकलं तर चुकलं. पोटुशी बाई ऑक्टोबरसारख्या उकाड्यात दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत पाण्याशिवाय बसते, हे मत नाही. त्यात तिला चक्कर येऊ शकते, शरीरातलं पाणी कमी होऊ शकतं आणि त्याचा त्रास दोघांना. तिथे तुम्ही गप्प बसायला नको होतं. तुमच्या दिरानं तर मुळीच नको होतं. आपल्या घरांत सुनेनं सासऱ्यांना सांगितलं की तो उद्धटपणा होतो आणि मुलानं तेच सांगितलं की काळजी होते. हे मला आवडत नाही, पण आहे असं. तेव्हा पाण्याचा तांब्या दिराच्या हातात द्यायचा. आणि पंचांगाचाच आधार हवा असेल तर तोही आहे: लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी वेध कमी वेळ पाळायची सवलत पंचांगातच छापलेली असते. सासऱ्यांनी ती ओळ वाचली नसेल, किंवा वाचून पुढे गेले असतील.

सुरीचं भय ओठ फाटण्याचं. ग्रहणात चिरलं की बाळाचा ओठ चिरला जातो, हे मीही ऐकत वाढले. बाळाचा वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून झालेला असतो, टाळू त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत. तुमच्या जाऊबाईंना पाचवा महिना होता. चिरण्यासारखं मागे काही उरलंच नव्हतं. आणि चंद्रग्रहण म्हणजे आपलीच सावली चंद्रावर पडणं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तरी काही होत नाही. सूर्यग्रहणाचं वेगळं, तिथे सूर्याकडे थेट बघणाऱ्याचा डोळा जातो. गर्भवतीचा जातो आणि पैलवानाचाही जातो.

राहिलं 'पाळलं म्हणूनच बाळ सुखरूप'. यावर वाद घालू नका, नोंद मागा. त्या रात्री तालुक्यात आणखी किती बायका गरोदर होत्या, किती जणींनी पाळलं, किती जणींनी नाही, आणि कुणाचं काय झालं? चारही रकाने भरले तरच 'म्हणूनच' म्हणता येतं. आपण एकच रकाना भरतो. पत्रिकांच्या बाबतीत हे काम जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांनी इतर सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातच करून दाखवलं. हुशार मुलांच्या शंभर पत्रिका आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शंभर, त्यांतल्या एकूण चाळीस प्रत्येक ज्योतिषाकडे दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास आले असते. मला त्यातलं सगळ्यांत आवडतं ते हे, की त्यांनी ज्योतिषांना थोतांड म्हणून सुरुवात केली नाही. पत्रिका दिल्या आणि म्हणाले, दाखवा.

आणि तुमची संकष्टी. मुलाचा प्रश्न बोचला ना? बोचू द्या, चांगला प्रश्न आहे. पण तुम्ही खोटारड्या नाही. फोनवर दिसणारा चंद्रोदय हे गणित आहे, तुमची भूक तुमची आहे. त्या उपासानं तुम्ही कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही, तोवर त्याला फेरफार लागत नाही. मी स्वतः संध्याकाळी दिवा लावते. वर कुणी मोजत बसलंय असं मला वाटत नाही. दिवा लावला नाही तर संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही, एवढंच कारण. मात्र ज्या दिवशी मुलाला म्हणाल, 'मी उपास केला म्हणून तुला ऐंशी टक्के पडले', त्या दिवशी तो दावा झाला, आणि मग त्यानं चार रकाने मागितले तर द्यावे लागतील.

पुढच्या संकष्टीला त्यालाच कामाला लावा. दिनदर्शिकेमागे गावोगावचे चंद्रोदय दिलेले असतात. नागपूरच्या माणसाचा उपास मुंबईच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं सुटतो. का? पानं वाढेपर्यंत उत्तर आण म्हणावं. यूट्यूब न बघता. तेवढ्यात आणखी एक विचारा: दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी पाचेक अंशांनी कललेली आहे. या दोन वाटा जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजेच राहू आणि केतू. हे त्याला आजोबांकडून ऐकायला मिळालं तर फारच बरं. पंचांग वाचणाऱ्याला राहू कुठल्या राशीत आहे ते ठाऊक असतं, फक्त तो बिंदू आहे हे ठाऊक नसतं.

१६ फेब्रुवारी १९८० ला, शनिवारी दुपारी, सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा कर्नाटकातून गेला. आमचं गाव मिरजेकडे, तिथेही सूर्याचा मोठा भाग झाकला गेला. मी दहा वर्षांची. दारं-खिडक्या लावून सगळ्यांना माजघरात कोंडलेलं, आजी माळ ओढत बसलेली. कौलांच्या फटींतून नेहमीसारखे कवडसे सारवलेल्या जमिनीवर पडले होते. बघता बघता ते एका बाजूनं खाल्ले गेले आणि सगळ्या जमिनीवर कोरी पसरल्या, चतुर्थीच्या चंद्रासारख्या, पंचवीस-तीस तरी. आम्हाला ग्रहण दिसू नये म्हणून कोंडलं होतं आणि ग्रहण घरात येऊन बसलं होतं. आजीनं माळ थांबवली नाही, पण पाय जवळ ओढून घेतले, सूर्यावर पाय पडू नये म्हणून. थोड्या वेळानं बाहेरून 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी आली, आणि आजी आंघोळीला उठली. मला विज्ञान तिथे लागलं, आणि आजीनं पाय ओढून घेतलेलंही मी विसरले नाही. दोन्ही एकाच जमिनीवरचं आहे.

तर २ ऑगस्ट २०२७ ही तारीख लिहून ठेवा. सोमवार, दिव्यांची अवस. इजिप्तमध्ये लक्झरपाशी सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. पावसाचे दिवस, ढग असतील तर असतील. पण ऊन पडलंच तर कुणीही वर बघायचं नाही. काळी काच नको, एक्स-रेची फिल्म नको. पिठाची चाळणी घ्यायची, उन्हात धरायची आणि खाली पांढरी चादर अंथरायची. जितकी भोकं तितकी ग्रहणं. जाऊबाईंचं बाळ तोवर चालायला लागलेलं असेल, ते चादरीवरच्या कोरी पकडायला धावेल. चाळणी आजोबांच्या हातात द्या, ती एकाच उंचीवर धरून ठेवायला माळ ओढणारा हात बरा. चाळणी वेधात चालते का, तेवढं मात्र त्यांना आधी विचारून ठेवा.